शेजाऱ्याचा इतिहास

झालेले अन्याय शाळेतल्या मुलांना सांगावेत की सांगू नयेत, हा वाद जुना आहे. सांगितले तर कोवळी मने कडवट होतील, अशी काहींना धास्ती वाटते. न सांगितले तर मुले अर्धवट सत्यावर वाढतील, असे इतरांचे म्हणणे असते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मेक्सिकन वंशाच्या नागरिकांचा इतिहास शिकविण्यावरून हाच वाद न्यायालयापर्यंत गेला.

हे लोक अमेरिकेचे कसे झाले, ते आधी पाहू. २ फेब्रुवारी १८४८ रोजी ग्वादालूपे हिदाल्गोचा तह झाला. युद्धात हरलेल्या मेक्सिकोने दीड कोटी डॉलरांच्या मोबदल्यात कॅलिफोर्नियापासून न्यू मेक्सिकोपर्यंतचा विस्तीर्ण मुलूख सोडून दिला. तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या कुटुंबांनी घर बदलले नव्हते. त्यांच्या घराचा देश बदलला. वर्षभरात मेक्सिकोचे नागरिकत्व राखण्याची इच्छा ज्यांनी कळविली नाही, ते अमेरिकेचे नागरिक ठरले. पुढे शेती, खाणी आणि रेल्वे यांच्या कामावर आणखी लाखो लोक आले. तरीही या साऱ्या समाजाला सरसकट उपरा म्हणणे इतिहासाला धरून नाही. सहावी ते आठवी हे वय ‘आपण कोण, कुठले’ असे विचारू लागण्याचे. त्या वयाच्या मुलाला एवढा एक तह नीट समजला, तरी वर्गातल्या आपल्या जागेविषयीची त्याची शंका पुष्कळशी फिटते.

आता एक शाळेचीच गोष्ट पाहू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॅलिफोर्नियातील वेस्टमिन्स्टर गावी सिल्व्हिया मेंडेझ या लहान मुलीला जवळच्या शाळेत प्रवेश नाकारण्यात आला. मेक्सिकन मुलांसाठी शाळा निराळी होती. तिचे वडील गोन्झालो मेंडेझ आणि आणखी चार पालक १९४५ साली न्यायालयात गेले. १९४६ साली न्यायाधीश पॉल मॅकॉर्मिक यांनी अशी विभागणी घटनाविरुद्ध ठरविली. मुलांना वेगळे ठेवल्याने त्यांचे इंग्रजी मागे पडते आणि परस्परांविषयी दुरावा वाढतो, असे त्यांचे मत पडले. १९४७ साली वरच्या न्यायालयाने निकाल कायम केला. त्याच वर्षी गव्हर्नर अर्ल वॉरन यांच्या सहीने त्या संस्थानातील शालेय विभागणीची उरलीसुरली कलमे रद्द झाली. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या, तेव्हा सरन्यायाधीश हेच वॉरन होते.

या गोष्टीला आणखी एक धागा आहे. मेंडेझ कुटुंब जी शेती खंडाने कसत होते, ती मुनेमित्सु या जपानी वंशाच्या कुटुंबाची होती. सरकारने त्या कुटुंबाला ॲरिझोनातील पोस्टनच्या छावणीत डांबले होते. म्हणजे एका समाजाच्या शाळेची हकीकत सांगू लागले की दुसऱ्या समाजाच्या छावणीची हकीकत सांगावीच लागते. आपल्या श्रोत्यांना जवळचा वाटेल असाही एक धागा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल खोऱ्यात गेलेल्या अनेक पंजाबी शेतकऱ्यांनी मेक्सिकन वंशाच्या स्त्रियांशी विवाह केले. त्यांच्या मुलांचा इतिहास कोणत्या एका समाजाच्या कप्प्यात बसवावा?

मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसमधील हजारो विद्यार्थी वर्गाबाहेर पडले. आपल्या समाजाचा इतिहास पाठ्यक्रमात असावा, ही त्यांची एक मागणी होती. ॲरिझोनातील टूसॉनच्या शाळांत १९९८ पासून असा अभ्यासक्रम चालू झाला. परंतु २०१० साली त्या संस्थानाने वांशिक तेढ वाढविणाऱ्या अभ्यासक्रमांना बंदी करणारा कायदा केला, आणि २०१२ साली तेथील वर्ग बंद झाले; काही पुस्तके वर्गातून उचलून गोदामात ठेवण्यात आली. पाच वर्षांनी, ऑगस्ट २०१७ मध्ये, न्यायाधीश वॉलेस ताशिमा यांनी या बंदीमागे वांशिक आकस होता, असा निर्णय दिला. ताशिमा स्वतः जपानी वंशाचे. लहानपणी त्यांनाही त्याच पोस्टनच्या छावणीत राहावे लागले होते.

धास्ती बाळगणाऱ्यांचे म्हणणे अगदीच निराधार आहे, असे नाही. शिक्षकाने केवळ अन्यायांची यादी घोकून घेतली, तर मुलांच्या हाती रागाखेरीज काही लागणार नाही. पण त्याने तहाची कलमे वाचून दाखविली, निकालपत्रातील दोन्ही बाजूंचे म्हणणे मुलांपुढे ठेवले आणि ‘तुम्ही न्यायाधीश असता तर काय केले असते?’ असे विचारले, तर चित्र पालटते. गोन्झालो मेंडेझ आपल्या मुलीसाठी शेजारच्या मुलांबरोबरच्या बाकावर जागा मागत होते. ही मागणी ज्याला समजली, तो विद्यार्थी कोणत्याही वंशाचा असो, आपल्या शेजाऱ्याकडे पूर्वीपेक्षा अधिक समजुतीने पाहील. शाळेतल्या इतिहासाकडून एवढी अपेक्षा ठेवणे वाजवी आहे.