क्लीनर साइड

गाडीच्या कागदांत मालकाचं नाव असतं. लायसन्सवर ड्रायव्हरचं असतं, बिल्टीवर माल पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं. क्लीनरचं नाव कुठेच नसतं. त्यामुळे नागपूर-रायपूर सडकेचा इतिहास कुणी शोधायला बसला तर त्याला पूल सापडतात, कंत्राटं सापडतात, डाव्या दाराला लटकून या सडकेवर मिसरूड फुटलेली पोरं सापडत नाहीत. मी त्यातलाच. जन्म १९६० चा, म्हणजे महाराष्ट्राच्याच वयाचा. गाव लाखनीच्या बाजूचं. आठवीत गणितानं खाल्लं आणि १९७४ च्या दिवाळीनंतर मी टाटाच्या ट्रकवर चढलो.

सडक अर्थात आमच्यापेक्षा म्हातारी. भोसल्यांच्या काळात छत्तीसगडचं धान्य इकडे यायचं आणि मीठ तिकडे जायचं ते बंजाऱ्यांच्या तांड्यांवर. चाकाची गाडी नाही. बैलाच्याच पाठीवर गोण्या. बायकापोरं, कुत्री, सगळा संसार सोबत. पोरगा वाटेवरच जन्मायचा आणि गोणीला हात पुरला की कामाला लागायचा. आमच्या धंद्याचं मूळ मला तिथे दिसतं, जाणकार काहीही म्हणोत. १८५३ मध्ये नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, आणि रिचर्ड टेंपल चीफ कमिशनर असताना नागपुरातून चहूकडे सडका काढायचं ठरलं. भंडाऱ्यावरून रायपूरकडे जाणारी ती ग्रेट ईस्टर्न रोड. सडक आली तशा बंड्या आल्या, आणि बैलाच्या पाठीवरचं ओझं त्याच्या मानेवर आलं.

मग रेल्वे. १८८० नंतर नागपूरहून छत्तीसगडकडे मीटर गेज निघाली. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर कंपनीनं ती घेऊन ब्रॉडगेज केली. तांड्यांचा धंदा तिथे बसला. पण रेल्वेनं आमच्यावर एक उपकार केला, तो म्हणजे ती आमच्याकडे आलीच नाही. भंडारा रोड स्टेशन वरठीला, शहरापासून दहाएक किलोमीटर. तुमसर रोड स्टेशन देव्हाडीला. तिथून लाइन गोंदियाकडे वर सरकते आणि लाखनी, साकोली, देवरी ही गावं खाली सडकेवर राहतात. सौंदडला गोंदिया-चांदा छोटी लाइन सडकेला आडवी जायची, तेवढंच काय ते इंजिनाचं दर्शन. या पट्ट्यातला धान, मोह, तेंदूपत्ता उचलायला रेल्वे येणार नव्हती. कुणीतरी जाऊन आणायचा होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करानं विकायला काढलेल्या गाड्या आल्या. १९५४ मध्ये टाटांनी जर्मनांशी करार करून जमशेदपूरला मर्सिडीजचे ट्रक काढले. १९५९ मध्ये भिलाईची पहिली भट्टी पेटली, आणि छत्तीसगडातून परत येताना भरायला लोखंड मिळालं. जाताना तांदूळ, येताना सळई. दरम्यान १९५६ मध्ये प्रांतांची फेरमांडणी झाली. तोवर भंडारा आणि रायपूर एकाच प्रांतात होते. आता बाघनदीला सीमा आली, सीमेला नाका आला, नाक्याला रांग आली. उस्तादाचे उस्ताद म्हणायचे की आधी ही वाट एका झोपेची होती, नंतर दोन झोपांची झाली.

उस्ताद म्हणजे ड्रायव्हर. त्यांचं नाव मी घेत नाही, त्या काळी तोंडावरही घेत नसे. मोहाडीकडचे, अंगानं बारीक, तोंडात कायम खर्रा. मला ते ‘पोट्ट्या’ म्हणत, मी त्यांना ‘उस्ताद’. आमची गाडी करार संपल्यानंतरची होती, म्हणजे नाकावर मर्सिडीजच्या चांदणीऐवजी टाटाचा टी. पगार महिन्याला चाळीस रुपये आणि जेवण. जेवण मीच रांधायचं. टायरांच्या आडोशाला स्टोव्ह, भात, लाखोरीची डाळ, परवडलं तर वांगं.

१९६१ चा एक कायदा होता, मोटार परिवहन कामगारांचा. त्यात क्लीनर हा शब्द छापलेला होता. आठ तासांचा दिवस, आठवड्याची सुटी, किशोरवयीन कामगाराला डॉक्टरचा दाखला, सगळं होतं. पण तो लागू व्हायचा पाच किंवा जास्त कामगार असतील तिथे. मालकाच्या गाड्या दोन. दोन ड्रायव्हर, दोन क्लीनर, माणसं चार. मला हे वीस वर्षांनी कळलं तेव्हा हसूच आलं. मालक वाईट नव्हता. त्याला तो कायदा ठाऊकही नसावा. पण दोन गाड्यांचे मालकच या सडकेवर जास्त होते, आणि कायद्याच्या वकुबाबाहेर अख्खी सडक चालली होती.

काम काय? पहाटे इंजिनातलं तेल आणि रेडिएटरचं पाणी बघणं. टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, प्रत्येक टायर ठोकून आवाज ऐकणं; दोन चाकांत अडकलेला दगड काढणं. चढावर गाडी थांबली तर उडी मारून मागच्या चाकाला ओंडका लावणं, आणि हे गाडी थांबायच्या आधी. मागे घेताना ‘आन दे, आन दे, बस्स’. दारावर एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. एकदा मी घाईत दोनऐवजी एक मारली आणि पुलावर मधोमध गाडी उभी राहिली. मागून आलेल्या सरदारजीनं माझ्या सात पिढ्यांची विचारपूस केली. दुपारी मालगुजारी तलावाची पाळ गाठून गाडी धुणं. आमच्या जिल्ह्यात तलावांना तोटा नाही. गाडी धुऊन झाली की त्याच पाण्यात आपणही.

खरं शिक्षण मालाचं. तुमसरकडे डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथे मँगेनीजच्या खाणी आहेत. ते खनिज भरलं की डाला गुडघ्याएवढाही भरलेला दिसत नाही आणि गाडीचे पाटे मात्र सपाट होतात. पहिल्या खेपेला मी उस्तादांना विचारलं, अजून भरायचं ना? ते नुसते बघत राहिले. उलट तेंदूपत्त्याची पोती. मे-जूनमध्ये ती घराएवढी रचायची, वजन काहीच नाही, पण वाऱ्यावर गाडी डुलते, फांदीला अडकते आणि ठिणगी पडली तर संपलं. त्या खेपेत माझी बिडी उस्ताद आधीच काढून घेत. त्याच पानाची बिडी, त्याच पानापासून दूर ठेवायची. पवनीच्या पलीकडून भिवापुरी मिरची भरली की रायपूरपर्यंत शिंका, आणि पोत्यांवर झोपायचं असल्यामुळे डोळेही सुजलेले. तांदूळ सगळ्यात सभ्य माल. फक्त भिजू द्यायचा नाही. पाऊस येण्याआधी ताडपत्री ओढायची, रस्सा आवळायचा, आणि गाठ अशी की ओली झाल्यावरही सुटली पाहिजे. ही गाठ मला वर्षभर जमली नाही.

लोकांना वाटतं स्टिअरिंग हातात आलं की क्लीनर मोठा झाला. आमच्यात त्याआधी एक पायरी होती, ती पैशाची. रायपूरला उस्तादांना ताप आला तेव्हा त्यांनी खिशातली नोटांची घडी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ‘जाय, रिटर्न माल तूच पाय. भाव ठरवून ये.’ मी सतरा वर्षांचा होतो. दलालाच्या ओसरीवर चार-पाच ड्रायव्हर बसलेले, सगळे माझ्या बापाच्या वयाचे. दलालानं माझ्याकडे बघून आकडा सांगितला तो चहाच्या टपरीवरच्या पोरालाही पटला नसता. मी उठलो, दारापर्यंत आलो, पुन्हा बोलावणं आलं. जे भाडं घेऊन गेलो त्यावर उस्ताद काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र जेवताना त्यांनी मला आधी वाढून घ्यायला सांगितलं.

स्टिअरिंग त्यानंतर आलं. साकोलीच्या पुढे, कोहमारा आणि देवरीच्या मधला जंगलाचा पट्टा, रात्र, गाडी रिकामी. गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही आणि गिअर असे की क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचं, क्लच सोडायचा, रेसला एक टोला द्यायचा, परत क्लच, मग खालचा गिअर. टोला कमी पडला तर गिअरबॉक्स किंचाळायचा. ‘आवाज आयक गा,’ उस्ताद म्हणायचे, ‘गाडी सांगते तुले, मी कायले सांगू?’ शशिकरण पहाडीच्या चढावर मला तो आवाज पहिल्यांदा नीट ऐकू आला. लायसन्स नव्हतं हे सांगायलाच नको. भाड्याची अवजड गाडी चालवायला वीस वर्षं लागत, आणि वीस पुरे होईपर्यंत सगळी सडक अशाच रात्रींवर शिकायची. ते बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. माझ्यासोबतची दोन पोरं अशाच रात्रींत गेली. पण आमच्यासारख्यांना दुसरी शाळा कुणी काढून ठेवली होती?

१९७५ मध्ये सरकारनं राष्ट्रीय परवान्याची योजना आणली. आमच्या मालकाला तो परवाना काही वर्षांनी मिळाला आणि सडक रायपूरला संपेनाशी झाली. सराईपाली, संबलपूर, केओंझर, खरगपूर, कलकत्ता. तेव्हा ती राष्ट्रीय महामार्ग ६ होती, आता आमच्या भागात ५३ आहे. पाटीवरचा आकडा बदलला, खड्ड्यांना त्याची खबर लागायला वेळ लागला.

१९८२ मध्ये आमच्याच सडकेवर गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना उभा राहिला, आणि पुढे तिथे ट्रकचे गिअरबॉक्स बनू लागले. असे की दोनदा क्लच मारायची गरज उरली नाही. मी ज्या आवाजासाठी तीन पावसाळे घालवले तो आवाज माझ्या गावापासून हाकेच्या अंतरावर बंद करण्यात आला. वाईट वाटलं का? छे. गुडघे दुखायचे थांबले.

क्लीनर कमी होत गेले ते पुढच्या काळात. रेडिएटर गरम होईना, टायर फुटेनात, मालकांना एका माणसाची भाकरी वाचवायची होती. मोठ्या गाडीच्या लायसन्सला आठवी पास ही अट आली, आणि जी पोरं क्लीनर म्हणून चढायची ती आठवीच्या आतच शाळा सोडून आलेली असायची. २०१७ च्या जीएसटीनं नाक्यांवरच्या रांगा उठवल्या. राष्ट्रीय परवान्याच्या गाडीला दोन ड्रायव्हर हवेत हा नियम २०१८ मध्ये गेला, आणि २०१९ मध्ये आठवीची अटही. ती काढण्यात सरकारचं बरोबर होतं. उस्तादांना सहीपलीकडे लिहिता येत नव्हतं आणि त्यांच्याइतका ड्रायव्हर मी पाहिला नाही.

माझा भाचा त्या अटीत अडकून बसला होता, सातवीतून सुटलेला. अट गेल्यावर लायसन्स निघालं आणि आता तो बारा चाकी चालवतो, एकटाच. क्लीनर कधी पाहिलाच नाही त्यानं. मध्यंतरी घरी आला तेव्हा ताडपत्रीच्या रश्श्याची गाठ भिजून आवळली होती, आणि तो सुरी मागत होता. मी म्हटलं, कापू नको, दाखवतो. अर्धा तास लागला, बोटं आता वळत नाहीत. त्यानं मोबाइलवर त्याचा व्हिडिओ घेतला आणि म्हणाला, ‘मामा, पुढच्या बारीले मी क्लिपवाली बेल्टच घेतो.’ किंमत विचारली तर जास्त नव्हती. मी म्हटलं, दोन घे.