हक्क शिकवणाऱ्या वाटा

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्गाला पुणे रस्ता येऊन मिळतो. लांबची वाहनं आता उड्डाणपुलावरून निघून जातात; खाली उरतात रिक्षा, एसट्या, भाजीचे टेम्पो आणि रस्ता ओलांडायला ताटकळलेली माणसं. इथून पुणे रस्ता धरला की सिन्नर लागतं. आग्र्याच्या बाजूला पिंपळगाव आणि चांदवड, मुंबईच्या बाजूला घोटी, इगतपुरी आणि कसाऱ्याचा घाट. गोदावरीपलीकडे पंचवटी, आणि तिथून पुढे दिंडोरी, पेठ, सुरगाणा. मानवी हक्कांच्या शिक्षणाचा मागोवा घ्यायचा तर मला तो जिनिव्हापासून नव्हे, या वाटांवरून घ्यावासा वाटतो. संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्क शिक्षणाचं दशक पाळलं ते १९९५ ते २००४ या काळात. नाशिक-ठाण्याच्या गावपाड्यांवर हे शिक्षण त्याच्या साठेक वर्षं आधीपासून चालू होतं. त्याला अभ्यासक्रम नव्हता, प्रमाणपत्र नव्हतं, आणि शिकणाऱ्यांतल्या बहुतेकांना सहीसुद्धा करता येत नव्हती.

या शिक्षणाचं मूळ अर्थातच जोतीराव फुल्यांपाशी जातं. थॉमस पेनचं माणसाच्या हक्कांवरचं पुस्तक त्यांनी तरुणपणी वाचलं, १८५५ मध्ये शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली आणि १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापला. त्यांच्या निधनानंतर, १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त स्त्री-पुरुषांना आपली मतं बोलण्याची, लिहिण्याची, छापण्याची मोकळीक आहे, हे त्यांनी मानवी हक्कांच्या भाषेतच मांडलं. पुढे सत्यशोधक जलशांनी हा विचार तमाशाच्या चालीवर गावोगाव नेला. वाचता न येणाऱ्या माणसाला हक्क कळवायचा कसा, या प्रश्नाला मिळालेलं ते आपल्याकडचं पहिलं मोठं उत्तर होतं.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेची आठवण करून दिली आणि जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा मंजूर करून घेतला. संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा यायला अजून एकवीस वर्षं होती. आणि मग नाशिक.

२ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. हजारो माणसं शिस्तीत रांगेनं मंदिराकडे निघाली. दुसऱ्या दिवशी चारही दरवाजांवर सत्याग्रहींची पहिली तुकडी बसली. तीत १२५ पुरुष होते आणि २५ स्त्रिया. रामनवमीला रथाच्या वादातून दगडफेक झाली, डोकी फुटली. मंदिर बंदच राहिलं, आणि सत्याग्रह चालत राहिला. शिक्षणाचा मागोवा घेताना मला या लढ्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते बाबासाहेबांनी भाऊराव गायकवाडांना ३ मार्च १९३४ रोजी लिहिलेलं पत्र. लढा थांबवावा असं सुचवताना ते स्पष्ट सांगतात, की आपल्या माणसांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून हा लढा सुरू केला नव्हता. त्यांच्यात चैतन्य यावं आणि आपल्या स्थितीची त्यांना जाणीव व्हावी, यासाठी हा मार्ग उत्तम वाटला होता. ते काम झालं, आता शक्ती राजकारणाकडे आणि शिक्षणाकडे वळवू. म्हणजे मंदिराच्या दारात बसणं हाच वर्ग होता. बंद दरवाजा सत्याग्रहींना जे शिकवत होता ते कुठल्याही भाषणातून इतकं खोल उतरलं नसतं: हे दार आपल्यासाठीच बंद आहे, ते माणसांनी बंद केलं आहे, आणि ते उघडायला सांगता येतं. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्याला, धर्मांतराच्या घोषणेनं या वर्गाचा पुढचा धडा जाहीर झाला.

हा सत्याग्रह ज्यांनी जमिनीवर सांभाळला ते भाऊराव कृष्णाजी, म्हणजे दादासाहेब गायकवाड. जन्म १९०२ चा, गाव दिंडोरी तालुक्यातलं आंबे. त्यांच्याकडे पुन्हा यायचं आहे. त्याआधी जलशाबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण हक्कांच्या शिक्षणाचा इतिहास लिहिणारे बहुधा त्याला ‘सांस्कृतिक’ म्हणून बाजूला ठेवतात, आणि हे मला अजिबात पटत नाही.

आंबेडकरी जलशाच्या पहिल्या पिढीतलं मोठं नाव भीमराव कर्डक. त्यांचा जलसा नाशिक जिल्ह्यातला. ढोलकी, तुणतुणं, झांजा, दोन-तीन गाणारे आणि एक वग. पाणवठा, देऊळ, सावकार, मुलांची शाळा, मेलेलं ढोर ओढायला नकार, हेच विषय. वगात एक पात्र जुन्या चालीरीतींची बाजू घेतं, दुसरं त्याला प्रश्न विचारत जातं, आणि समोर बसलेली माणसं मनातल्या मनात उत्तर देतात. शंका जाहीरपणे विचारायची असते, पाटलाच्या वागण्यालाही ‘का’ म्हणता येतं, हे त्या रात्रीत शिकून होई. दुसऱ्या दिवशी तेच गाणं जात्यावर गेलेलं असे, आणि एकदा जात्यावर गेलेला धडा पुढच्या पिढीपर्यंत आपोआप पोचतो.

पुणे रस्त्यानं सिन्नरकडे गेलं, की त्याच तालुक्यात देशवंडी आहे. वामनदादा कर्डकांचं हे गाव. जन्म १५ ऑगस्ट १९२२. मुंबईत मजुरी करत असताना कुणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगितलं आणि त्यांना वाचता येईना. ती लाज मनाला लागली, आणि दुकानांवरच्या पाट्या बघत बघत ते जोडाक्षरं शिकले. १९४३ मध्ये त्यांनी पहिलं गीत लिहिलं आणि मग हजारो गीतं लिहिली. संविधानातला आशय पुस्तक न उघडता कळलेल्या मोठ्या वर्गाला तो वामनदादांच्या गाण्यातून कळला. २००४ मध्ये नाशिकला त्यांचं निधन झालं. ज्या वर्षी संयुक्त राष्ट्रांचं दशक संपलं तेच हे वर्ष.

आता दुसरी वाट, कसाऱ्याचा घाट उतरून ठाण्याच्या वारली पट्ट्याकडे जाणारी. गोदावरी परुळेकर आधी प्रौढ साक्षरतेचं काम करत होत्या. पण डहाणू-उंबरगावकडच्या पाड्यांवर अक्षरांच्या आधी शिकवायचं काही वेगळंच होतं. जमीनदाराकडे फुकट राबण्याची वेठ होती. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघंही सावकाराच्या दावणीला बांधली जात. अशा माणसाला तिकडे ‘लग्नगडी’ म्हणत. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिला थोडेच वारली आले. मे महिन्यात झरी गावी परिषद भरली तेव्हा हजारो जमले. तिथं दिलेला कार्यक्रम चारच कलमांचा: रोज बारा आणे रोख मजुरी मिळाल्याशिवाय जमीनदाराची खाजगी जमीन कसायची नाही, वेठ करायची नाही, मारायला आला तर प्रतिकार करायचा, आणि सगळ्यांनी एक व्हायचं.

या चार वाक्यांहून नेमका मानवी हक्कांचा अभ्यासक्रम माझ्या पाहण्यात नाही. प्रत्येक वाक्यात एक हक्क आहे आणि तो कसा वापरायचा तेही आहे. पाठ करायला सोपं, एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर पायी पोचणारं. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. पण वेठ पुन्हा पहिल्यासारखी बसली नाही. गोदावरीबाईंनी हे सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहिलं. पुस्तक १९७० चं, साहित्य अकादमी पुरस्कार १९७२ चा.

वेठबिगारी मात्र रूप बदलून टिकली. १९७६ मध्ये बंधबिगार पद्धती निर्मूलनाचा कायदा झाला. त्यानं माणूस मुक्त केला आणि त्याच्यावरचं कर्जही रद्द केलं. पण ज्याच्यासाठी तो केला त्याला तो सांगणार कोण? हे काम त्या काळातल्या संघटनांनी उचललं: पालघर भागात काळूराम धोदडे यांची भूमिसेना, डहाणूकडे कष्टकरी संघटना, शहाद्यात अंबरसिंग महाराजांच्या वारशातून उभी राहिलेली श्रमिक संघटना, वसई तालुक्यात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांची श्रमजीवी संघटना. याच काळात ‘शिबिर’ रूढ झालं. दोन-तीन दिवस पाड्यावर किंवा आश्रमशाळेच्या आवारात मुक्काम, दिवसा चर्चा, रात्री गाणी. आपली मजुरी किती, कायद्यानं किती, मधले पैसे गेले कुठं, असा हिशेब मांडायचा. कायद्याचं कलम सगळ्यांत शेवटी यायचं, आपला अनुभव सगळ्यांचा सांगून झाल्यावर. कलम आधी सांगितलं की माणूस गप्प बसतो आणि मान हलवतो. या क्रमात कार्यकर्त्यांचा वर्षानुवर्षांचा शहाणपणा आहे. पुढे वीटभट्ट्यांवर स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी ‘भोंगा शाळा’ निघाल्या. आईबापांच्या शिबिराची ती मुलांपर्यंत पोचलेली शाखाच म्हणायची.

द्वारकेवरून आग्रा रस्त्यानं गेलं तर चांदवड. नोव्हेंबर १९८६ मध्ये इथं शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं आणि लाखाच्या वर बाया आल्या. ट्रकमधून, बैलगाड्यांतून, भाकऱ्या बांधून. कितीतरी जणी माहेर-सासर सोडून पहिल्यांदाच कुठं मुक्कामाला आल्या होत्या. मानवी हक्कांच्या चर्चेत चांदवडचं नाव क्वचित येतं, कारण ते शेतीमालाच्या भावाच्या आंदोलनाच्या खात्यावर मांडलं गेलं. पण त्या अधिवेशनातून पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम निघाला: नवऱ्यानं स्वतःहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायचा, आणि गावात शंभर कुटुंबांनी तसं केलं की ते गाव ‘लक्ष्मीमुक्त’. सातबाऱ्यावर आपलं नाव पाहणं हा हजारो शेतकरणींसाठी मालमत्तेच्या हक्काचा पहिला धडा ठरला. त्यासाठी आधी सातबारा म्हणजे काय, तलाठ्याकडे फेरफार कसा होतो, हे घराघरात बोललं गेलं. शेतीत राबणारी बाई आणि जमिनीचा कागद यांची एवढ्या मोठ्या प्रमाणावर गाठ त्याआधी कुणी घालून दिली नव्हती.

कागदाचा विषय निघाला म्हणून दादासाहेब गायकवाडांकडे परत. १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ च्या अखेरीस त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला. पडीक, गायरान, जंगलातली कसण्याजोगी जमीन भूमिहीनांना द्या, ही मागणी. १९६४ च्या सत्याग्रहात देशभरात लाखो माणसांनी स्वतःला अटक करून घेतली. अशा लढ्यांतून पुढच्या चाळीस वर्षांत एकामागून एक शासन निर्णय आणि कायदे निघाले, आणि प्रत्येकात एक तारीख होती. १९९१ च्या गायरान निर्णयात १९७८ ते १९९० मधली अतिक्रमणं. २००६ च्या वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा. ज्याच्याकडे त्या तारखेआधीचा पुरावा, त्याचा हक्क.

इथं हक्कांच्या शिक्षणानं एक वेगळंच वळण घेतलं. वनखात्यानं अतिक्रमणाबद्दल दंड केला की पावती मिळते. वर्षानुवर्षं ती पावती म्हणजे गुन्ह्याची खूण. माणसं ती चुलीत घालत. कार्यकर्ते सांगू लागले, दंड भरा पण पावती मागा, आणि पत्र्याच्या पेटीत जपून ठेवा. दावा दाखल करायची वेळ आली तेव्हा त्याच पावतीनं सिद्ध झालं, की हा माणूस अमक्या साली इथं कसत होता. पेठ-सुरगाण्याच्या कुठल्याही वनहक्क समितीच्या बैठकीत आजही हा विषय निघतो. कायदा पावतीवरच अडत नाही, हेही शिकवावं लागतं: जुनी विहीर, घराचा चौथरा, स्मशानाची जागा आणि गावातल्या म्हाताऱ्याचा लेखी जबाब, हेसुद्धा पुरावे आहेत. ज्याला वाचता येत नाही त्या आजोबांचं बोलणं कायद्याच्या कागदावर उतरतं. हे ज्या दिवशी गावाला उमजतं त्या दिवसापासून ग्रामसभेत बसायची पद्धतच बदलते.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखानं हे फार आधी ओळखलं होतं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या त्या गावात अभ्यासगट होते: निर्णय ग्रामसभेनं घ्यायचा, पण त्याआधी विषय समजून घ्यायला गटात बसायचं, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, वाद घालायचा. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा होतं. अभ्यासगट कायद्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून भरत होते, म्हणून कायदा आला तेव्हा गाव तयार होतं. सरकारी जनजागृती शिबिरांत नेमकं हेच राहून जातं. बॅनर लागतो, तज्ज्ञ येतात, माहितीपत्रकं वाटली जातात, दोन तासांत आभार मानले जातात, आणि पुढच्या महिन्यात त्याच माणसांनी पुन्हा बसायचं कुठं, हे ठरत नाही. माहिती पोचते. तिचं पुढं काय करायचं ते ठरवणारा गट मागे उरत नाही, आणि माझ्या मते हीच खरी उणीव आहे.

६ मार्च २०१८ रोजी नाशिकच्या सीबीएस चौकातून किसान लाँग मार्च निघाला. पहिली मागणी वनहक्काच्या दाव्यांचीच होती. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवणकडची माणसं सहा दिवसांत सुमारे १८० किलोमीटर चालली. ११ तारखेला मुंबईत पोचल्यावर, दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर आहे म्हणून, रस्ता अडू नये यासाठी ती दमलेली माणसं विश्रांती सोडून रात्रीच आझाद मैदानाकडे निघाली. पायांचे फोड सगळ्या देशानं पाहिले. स्वतःचा हक्क मागताना दुसऱ्याच्या मुलांचा हक्क सांभाळायचा, हे त्यांना कुणी पत्रकातून सांगितलं नव्हतं.

१३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं, ज्यांचे वनहक्काचे दावे फेटाळले गेले होते त्यांना हटवण्याबद्दल आदेश दिला, आणि २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती दिली. त्या पंधरवड्यात पाड्यांवर एकच प्रश्न होता: आपला दावा फेटाळला की नाही, हे तरी कुणी आपल्याला सांगितलं का? नियम सांगतो, की निर्णय दावेदाराला कारणांसह कळवला पाहिजे, आणि त्यानंतर वरच्या समितीकडे दाद मागायला साठ दिवस मिळतात. कळवलंच नसेल तर ते साठ दिवस मोजायचे कुठून? म्हणून आताच्या बैठकांत कार्यकर्ते सुरुवातीलाच सांगतात: दावा नामंजूर झाला असं कुणी तोंडी म्हणालं तर तिथून उठायचं नाही, नामंजुरी कारणांसह लेखी मागायची, तारीख आणि शिक्का बघूनच घ्यायची, आणि त्याची एक प्रत ग्रामसभेच्या दप्तरात लावायची.