गेम इंजिनाचे भाडे आणि मोजमापाचे एकक

सप्टेंबर २०२४ मध्ये सहा दिवसांच्या अंतराने दोन बातम्या आल्या. १२ तारखेला युनिटी या कंपनीने आपले वादग्रस्त ‘रनटाइम शुल्क’ रद्द केले. १८ तारखेला केंद्रीय मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, दृश्यपरिणाम, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रांसाठी मुंबईत राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्र उभारण्यास मंजुरी दिली. पहिली बातमी गेमच्या वर्तुळाबाहेर फारशी पोहोचली नाही. परंतु या केंद्रात उद्या शिकणारी मुले ज्या साधनांवर काम करतील, त्यांचे भाडे कोण ठरवणार आणि कशाच्या मापाने, हा प्रश्न त्या पहिल्या बातमीतच दडलेला आहे. म्हणून तिचा इतिहास थोडा उलगडून पाहू.

चेंडू भिंतीवर आदळून कसा उसळेल, पाण्यावर प्रकाश कसा पडेल, आवाज कोणत्या दिशेने येईल, ही गणिते प्रत्येक गेमसाठी नव्याने लिहावी लागू नयेत म्हणून एकदाच लिहून ठेवलेली आज्ञावली म्हणजे गेम इंजिन. सुताराने टेबल विकले तरी करवत त्याच्याच घरी राहते. इंजिनाचे तसे नाही. त्याचा ‘रनटाइम’ नावाचा भाग तयार गेमसोबत खेळणाऱ्याच्या यंत्रात जातो. त्यामुळे गेम विकून झाला, तरी निर्मात्याचे इंजिनाच्या परवान्याशी असलेले नाते संपत नाही.

१९९० च्या दशकात ‘क्वेक’ किंवा ‘अनरिअल’ या गेमची इंजिने इतरांना वापरायला मिळत, पण त्यासाठी मोजावी लागणारी रक्कम मोठ्या स्टुडिओंनाच परवडणारी होती. २००४ मध्ये कोपनहेगनमधील तीन तरुणांनी एक छोटी कंपनी काढली. त्यांचा ‘गूबॉल’ हा गेम चालला नाही. मात्र त्यासाठी रचलेले इंजिन त्यांनी २००५ मध्ये ‘युनिटी’ या नावाने बाजारात आणले आणि २००९ मध्ये त्याची एक आवृत्ती विनामूल्य केली. २०१५ मध्ये एपिक कंपनीनेही अनरिअल इंजिन खुले केले. ठरावीक उत्पन्नापुढे ५ टक्के रॉयल्टी एवढीच तिची अट होती. २०२० मध्ये प्रत्येक गेमच्या पहिल्या १० लाख डॉलर उत्पन्नावरील रॉयल्टीही तिने सोडून दिली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ हा गेम याच इंजिनावर घडवला आणि तो २०२० मध्ये जगभर पोहोचला.

या काळात शुल्काचे एकक बदलत गेले. आधी ठोक रक्कम, मग माणशी वार्षिक वर्गणी, मग उत्पन्नातील टक्का. रॉयल्टी कितीही बोचली तरी ती मिळालेल्या पैशातूनच द्यायची असते. गेम पडला, तर इंजिनवाल्यालाही काही मिळत नाही. जोखीम दोघांत वाटली जाते.

१२ सप्टेंबर २०२३ रोजी युनिटीने हे एककच बदलले. कंपनी तीन वर्षांपूर्वी शेअर बाजारात उतरली होती आणि तोट्यात होती. तिने जाहीर केले की, १ जानेवारी २०२४ पासून शुल्क प्रत्येक इन्स्टॉलमागे आकारले जाईल. सर्वांत साध्या परवान्यासाठी वर्षाला २ लाख डॉलर उत्पन्न आणि एकूण २ लाख इन्स्टॉल हा उंबरठा होता. त्यापुढे श्रीमंत देशांत दर इन्स्टॉलमागे २० सेंट, तर भारतासारख्या उदयोन्मुख बाजारांत २ सेंट द्यायचे होते.

२ सेंट किरकोळ वाटतात. पण मोबाइलवरचे बहुतेक गेम फुकट असतात. लाखो लोक ते उतरवतात आणि त्यांतले मोजकेच पैसे खर्च करतात. उंबरठा ओलांडल्यावर आपल्याकडे १ कोटी नवे इन्स्टॉल झाले, तर शुल्क २ लाख डॉलर होते, म्हणजे उंबरठ्याएवढे वार्षिक उत्पन्न पुरतेच संपले. श्रीमंत देशांत त्यासाठी १० लाख इन्स्टॉल पुरतात. महागडा परवाना घेतल्यास दर उतरत आणि उंबरठाही वाढत असे. पण मूळ विसंगती तशीच राही. शुल्क लोकप्रियतेवर आणि पैसा मात्र विक्रीतून, अशा दोन वेगळ्या राशी एकमेकींना जोडल्या गेल्या होत्या.

त्याहून गंभीर बाब काळाची होती. आधीच बाजारात असलेल्या गेमनाही हा नियम लागू होणार होता. २०१९ मध्ये एका वादानंतर याच कंपनीने आश्वासन दिले होते की, निर्माते आपल्या आवृत्तीच्या जुन्या अटींवर कायम राहू शकतील. अनेकांनी तीन-चार वर्षांची मेहनत त्या भरवशावर गुंतवली होती. काम पूर्ण झाल्यावर कराराचे कलम बदलणार असेल, तर छोट्या निर्मात्याला कोणताही अंदाजपत्रकी हिशेब मांडता येत नाही.

प्रतिक्रिया तीव्र उमटली. ‘टेरारिया’चे निर्माते री-लॉजिक यांनी गोडो आणि एफएनए या दोन मुक्त प्रकल्पांना प्रत्येकी १ लाख डॉलर दिले. ‘स्ले द स्पायर’च्या मेगा क्रिटने दोन वर्षांहून अधिक काळ युनिटीवर चाललेले आपले नवे काम गोडोकडे वळवले. २२ सप्टेंबरला युनिटीने माफी मागून अटी सौम्य केल्या: साध्या परवान्याला शुल्क नाही, जुन्या आवृत्त्यांना शुल्क नाही आणि इतरांसाठी कमाल मर्यादा उत्पन्नाच्या २.५ टक्के. ऑक्टोबरमध्ये मुख्याधिकारी जॉन रिचिटिएलो पायउतार झाले. वर्षभराने शुल्कच रद्द झाले आणि त्याऐवजी प्रो परवान्याची वर्गणी ८ टक्क्यांनी, तर एंटरप्राइझची २५ टक्क्यांनी वाढवण्यात आली. किंमत वाढली, तरी ती आधी कळणारी होती.

गोडो हे इंजिन मूळचे अर्जेंटिनाचे. २०१४ मध्ये ते एमआयटी परवान्याखाली खुले झाले. एकदा हाती आलेल्या आवृत्तीच्या अटी त्यात कोणालाही मागाहून बदलता येत नाहीत. त्यालाही मर्यादा आहेत. कन्सोलवर गेम नेण्यासाठी निर्मात्यांना बहुधा वेगळ्या कंपन्यांची मदत घ्यावी लागते. म्हणून सर्वांनी उद्याच युनिटी सोडावे, असे सुचवणे भाबडेपणाचे ठरेल.

शिक्षणाची गोष्ट मात्र निराळी आहे. आयआयटी मुंबईचा ‘फॉसी’ प्रकल्प अनेक वर्षे महागड्या शास्त्रीय सॉफ्टवेअरऐवजी सायलॅब, पायथन यांसारखी मुक्त साधने महाविद्यालयांत रुजवत आहे. विद्यार्थ्याला समीकरण कळले, तर साधन बदलता येते. केवळ एका साधनाची बटणे पाठ असतील, तर नाही. मुंबईच्या नव्या केंद्राने अभ्यासक्रम ठरवताना हे ध्यानात घ्यावे. व्यावसायिक इंजिने जरूर शिकवावीत. पण त्यांच्याखालचे गणित, एखादे मुक्त इंजिन आणि परवान्याचा करार वाचण्याची सवय, हे तिन्ही त्यासोबत शिकवावे. नाहीतर आपण कुशल भाडेकरू तेवढे घडवू.