न दिसणारी वाट: मणक्यातल्या स्क्रूचा आणि त्याच्या अवजारांचा इतिहास

१/
मणक्यात स्क्रू बसवताना शल्यविशारदाला मणक्याचा केवळ मागचा पृष्ठभाग दिसतो. स्क्रूची वाट हाडाच्या आतून जाते. तिच्या एका बाजूला काही मिलिमीटरवर मज्जारज्जू किंवा नसांचा जुडगा असतो, खालच्या कडेला कण्याबाहेर पडणारी नस असते आणि पुढच्या टोकापलीकडे महाधमनी. ही न दिसणारी वाट पार करण्यासाठी सुमारे साठ वर्षांत घडत गेलेल्या अवजारांचा हा इतिहास. #थ्रेड

२/
आधी रचना समजून घेऊ. मणक्याचा पुढचा भाग भरीव दंडगोलासारखा, तर मागचा कमानीसारखा असतो. या दोन भागांना जोडणारे हाडाचे दोन आखूड खांब म्हणजे ‘पेडिकल’. त्यांना बाहेरून टणक कवच असते आणि आत जाळीदार, मऊ हाड. पेडिकलमधून पुढपर्यंत गेलेला स्क्रू कमान आणि दंडगोल दोन्ही एकत्र पकडतो. त्याच्या भक्कमपणाचे रहस्य हेच.

३/
पण हा खांब किती रुंद? १९८७ साली मायकेल झिंड्रिक आणि सहकाऱ्यांनी पेडिकलची २,९०५ मापे प्रसिद्ध केली. कमरेच्या पाचव्या मणक्यात सरासरी रुंदी सुमारे १८ मिलिमीटर भरली, तर छातीच्या पाचव्या मणक्यात जेमतेम साडेचार. कमरेत सहा-सात मिलिमीटर जाडीचा स्क्रू आरामात मावतो. छातीच्या मणक्यात मात्र चुकीला जवळपास जागाच उरत नाही.

४/
स्क्रूच्या आधी तार होती. १८९१ मध्ये टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन येथे बर्थोल्ड हॅड्रा यांनी मानेच्या मोडलेल्या मणक्यांना मागच्या काट्यांभोवती चांदीची तार गुंडाळून आधार दिला. पुढे १९११ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रसेल हिब्ज आणि फ्रेड अल्बी यांनी हाडाने हाड सांधण्याच्या आपापल्या पद्धती मांडल्या. त्यांच्यासमोरचा मोठा शत्रू होता कण्याचा क्षयरोग.

५/
हाड सांधायला महिने लागतात आणि तोवर कणा हलता कामा नये. म्हणून रुग्णाला प्लास्टरमध्ये, अंथरुणाला खिळून राहावे लागे. हा काळ कमी करण्यासाठी डॉन किंग यांनी १९४० च्या दशकात मणक्यांच्या मागच्या सांध्यांतून आखूड स्क्रू घातले. कॅनडातील हॅरल्ड बाउचर यांनी १९५९ मध्ये त्याहून लांब, पेडिकलच्या दिशेने जाणारे स्क्रू वापरल्याचे नोंदवले.

६/
याच काळात ह्यूस्टनमध्ये पॉल हॅरिंग्टन पोलिओमुळे कण्याला बाक आलेल्या मुलांवर उपचार करत होते. त्यांची पोलादी दांडी १९६२ च्या लेखानंतर जगभर पोहोचली. पण ती वरखाली दोन टोकांना आकड्यांनी अडकवलेली असे आणि मधले मणके मोकळेच राहत. प्रत्येक मणका स्वतंत्रपणे पकडायचा, तर पेडिकलची वाट धरण्यावाचून गत्यंतर नव्हते.

७/
ती वाट नेमाने चालणारे पहिले नाव म्हणजे पॅरिसचे रेमंड रॉय-कामी. १९६३ पासून त्यांनी पेडिकलमध्ये स्क्रू घालून ते मागे धातूच्या पट्टीला जोडायला सुरुवात केली. आपले अनुभव त्यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केले. प्रवेशबिंदू कसा शोधायचा, याचा नियमही त्यांनी दिला: मणक्याच्या आडव्या काट्याच्या मधून जाणारी रेघ आणि मागच्या सांध्याची उभी रेघ जिथे छेदतात, त्या ठिकाणी, सरळ पुढे.

८/
हा नियम बाहेरच्या खुणांवरून आतली वाट ताडण्याचा होता. खुणा झिजलेल्या, कणा पिळलेला किंवा मणका सरकलेला असला की अंदाज डळमळे. भोक ड्रिलने पाडले तर अडचण आणखी वाढे. फिरते पाते मऊ हाड आणि टणक कवच दोन्ही जवळपास सारख्याच सहजतेने कापते आणि कवच फुटल्याची खबर हाताला उशिरा लागते.

९/
पुढच्या दोन दशकांत युरोप-अमेरिकेत रचना सुधारत गेल्या. स्वित्झर्लंडमध्ये फ्रीड्रिख मागेर्ल यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस आतल्या दिशेने झुकणारे स्क्रू वापरून शरीराबाहेर राहणारा सांगाडा जोडला. बाझेलचे वाल्टर डिक यांनी तोच सांगाडा त्वचेखाली नेला. क्लीव्हलंडचे आर्थर स्टेफी यांनी पट्टीत लांबट खाचा ठेवल्या, म्हणजे पट्टीच्या भोकासाठी स्क्रूची जागा बदलावी लागू नये.

१०/
स्क्रू आणि पट्ट्यांची ही कहाणी ग्रंथांत ठळक दिसते. शस्त्रक्रियेच्या टेबलावर मात्र निर्णायक काम साध्या हत्यारांनी केले. पहिले हत्यार चांभाराच्या आरीसारखे टोकदार. त्याने वरचे कवच टोचून तोंड उघडायचे. दुसरे म्हणजे बोथट टोकाची शलाका. ती हाताने, हळूहळू दाबत आत न्यायची. मऊ हाड तिला वाट देते, टणक कवच अडवते.

११/
बोथटपणा हेच या शलाकेचे शहाणपण. तिचा एक प्रकार मोटारीच्या गिअरच्या दांड्यासारखा दिसतो आणि त्याच नावाने ओळखला जातो. त्याचे टोक किंचित वाकडे असते. लॉरेन्स लेंके यांच्या प्रसिद्ध पद्धतीत पहिले पंधरा-वीस मिलिमीटर हा बाक बाहेरच्या बाजूला ठेवतात, म्हणजे मज्जारज्जूपासून दूर. पेडिकल ओलांडले की शलाका बाहेर काढून, टोक आतल्या बाजूला वळवून, पुन्हा त्याच भोकातून पुढे नेतात.

१२/
मग येते तिसरे हत्यार: टोकाला बारीक गोळी असलेली लवचीक तार. तिने भोकाच्या पाच बाजू चाचपायच्या: वर, खाली, आत, बाहेर आणि तळ. पाचही ठिकाणी हाड लागले तर वाट शाबूत. कुठे टोक मऊ जागेत घसरले तर भिंत फुटली असे समजून दिशा बदलायची. त्यानंतर टॅपने आटे पाडायचे, पुन्हा चाचपायचे आणि शेवटी स्क्रू.

१३/
ही पद्धत किती भरवशाची? २००४ मध्ये योंगजुंग किम, लेंके आणि सहकाऱ्यांनी दहा वर्षांचा हिशेब मांडला: ३९४ रुग्ण, छातीच्या मणक्यांत ३,२०४ स्क्रू, सारे मुक्तहस्ताने. त्यांतून निवडलेले ५७७ स्क्रू सीटी स्कॅनवर तपासले, तेव्हा ६.२ टक्के स्क्रूंनी भिंत लक्षणीय प्रमाणात भेदलेली आढळली. नसांना किंवा रक्तवाहिन्यांना इजा झाल्याची मात्र एकही नोंद नव्हती.

१४/
पण हा अत्यंत सरावलेल्या हातांचा हिशेब होता. १९८८ मध्ये जेम्स वाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी मृतदेहांच्या कण्यांत क्ष-किरणांच्या साहाय्याने स्क्रू बसवून पाहिले, तेव्हा सुमारे २१ टक्के चुकले. पडद्यावर सगळे ठीक दिसत असताना स्क्रू बाहेर असू शकतो, हे त्यातून उघड झाले. क्ष-किरणांचे चित्र सपाट असते. हाड तसे नसते.

१५/
मग इतर इंद्रियांची मदत घेतली गेली. १९९० च्या दशकात ब्लेअर कॅलान्सी यांनी स्क्रूमधून सौम्य विद्युतप्रवाह सोडून पायाच्या स्नायूंचा प्रतिसाद मोजला. हाड शाबूत असेल तर ते प्रवाह अडवते. थोड्याशा प्रवाहानेच स्नायू फुरफुरला, तर भिंत फुटल्याचा संशय. पुढे अशी शलाका आली, जी टोकाजवळच्या ऊतींची विद्युतवाहकता मोजून आवाज करते. टोक मऊ ऊतींकडे सरकू लागले की सूर चढतो. स्पर्शाच्या जोडीला आता कान आले.

१६/
त्याच दशकात संगणकही शस्त्रक्रियागृहात शिरला. बर्न येथे लुट्झ-पेटर नोल्टे यांच्या गटाने आणि अमेरिकेत इतरांनी सीटी स्कॅनचे त्रिमित चित्र आणि हातातले अवजार यांची सांगड घातली. मणक्यावर एक खूणचौकट घट्ट बसवतात, कॅमेरे तिच्यावर आणि अवजारांवर नजर ठेवतात, पडद्यावर टोकाची जागा दिसते. मात्र खूणचौकटीला नकळत धक्का लागला, तर पडदा तितक्याच ठामपणे चुकीची जागा दाखवत राहतो. म्हणून चाचपणारी तार टेबलावरून हटली नाही.

१७/
हैफा येथील टेक्निऑन संस्थेचे मोशे शोहाम यांच्या संशोधनातून शीतपेयाच्या डब्याएवढा छोटा यंत्रमानव घडला. २००४ मध्ये त्याला अमेरिकेची मान्यता मिळाली. त्याचे काम मर्यादित होते: ठरवलेल्या कोनात नळी धरून ठेवणे. त्या नळीतून भोक पाडणारा हात माणसाचाच राहिला.

१८/
इथवर ही प्रगतीची सरळ कहाणी वाटते. १९८० च्या दशकात अमेरिकेत तिला गुंता पडला. तिथल्या औषध प्रशासनाने पेडिकलसाठी स्क्रूला मंजुरी मागणारे एका कंपनीचे अर्ज १९८४ आणि १९८५ मध्ये फेटाळले. मग त्याच संचातील पट्ट्या आणि स्क्रू वेगवेगळे करून हातापायांच्या लांब हाडांसाठी मंजुरी मागितली गेली. १९८६ मध्ये ती मिळाली. शल्यविशारद मात्र ते स्क्रू कण्यात बसवत राहिले. मंजूर साधन वेगळ्या जागी वापरण्याची डॉक्टरांना कायद्याने मुभा होती.

१९/
१९९० च्या दशकात रुग्णांनी न्यायालयाचे दार ठोठावले. २,३०० हून अधिक दावे फिलाडेल्फियाच्या संघीय न्यायालयात एकत्र आले. १९९८ मध्ये प्रशासनाने ठरावीक विकारांसाठी पेडिकल स्क्रूचे वर्गीकरण बदलून त्याची वाट मोकळी केली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की प्रशासनाची दिशाभूल झाल्याच्या आरोपावर राज्यांच्या कायद्याखाली भरपाई मागता येणार नाही. आरोप खरे की खोटे, हा प्रश्न त्या निकालात सुटला नाही.

२०/
वैद्यकीय प्रश्न याहून अवघड निघाला. १९९७ मध्ये जेफ्री फिशग्रंड आणि सहकाऱ्यांनी झिजेमुळे मणका सरकलेल्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. मणके दोन्ही गटांत सांधले, पण स्क्रू एकाच गटात बसवले. दोन वर्षांनी स्क्रूवाल्या गटात ८२ टक्के रुग्णांचे हाड सांधले होते, दुसऱ्या गटात ४५ टक्के. आराम पडल्याचे प्रमाण मात्र अनुक्रमे ७६ आणि ८५ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्रानुसार नगण्य ठरला.

२१/
म्हणजे स्क्रू निरुपयोगी? २००४ मध्ये त्याच मालिकेतील स्क्रू न बसवलेल्या रुग्णांचा दीर्घकालीन आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांचे हाड सांधले होते त्यांतील ८६ टक्क्यांची स्थिती चांगली होती. ज्यांचे सांधले नव्हते त्यांच्यात हे प्रमाण ५६ टक्के. दोन वर्षांत न दिसलेला फरक पुढच्या काळात दिसू लागला. मोडलेला कणा, पिळलेला कणा आणि झिजलेला कणा यांना एकच न्याय लावता येत नाही, हे वैद्यकाने असे सावकाश शिकून घेतले.

२२/
आरी, शलाका, गोळीची तार, विद्युतप्रवाह, कॅमेरा, यंत्रमानव: या साऱ्यांनी एकाच प्रश्नाचे उत्तर शोधले. ‘अवजाराचे टोक अजून हाडाच्या आत आहे का?’ त्या उत्तरात साठ वर्षांत विलक्षण अचूकता आली. ‘या रुग्णाला स्क्रू हवा का?’ हा दुसरा प्रश्न मात्र कोणत्याही अवजाराच्या आवाक्यात नव्हता. त्याचे उत्तर वर्षानुवर्षे रुग्णांचा माग ठेवणाऱ्या नोंदवह्यांतून मिळत गेले. अवजारांच्या इतिहासात त्या नोंदवह्यांनाही हक्काची जागा आहे.