ग्रेच्चोचा गोठा आणि आपले घर

तापीकाठच्या सारंगखेड्यात मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंतीची यात्रा भरते. घोड्यांच्या बाजारासाठी ती दूरवर प्रसिद्ध आहे. २०२३ साली दत्तजयंती २६ डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या दुसऱ्याच दिवशी आली. त्याच नाताळात ग्रेच्चोच्या गोठ्याला आठशे वर्षे पूर्ण झाली.

इटलीतील या डोंगरी गावी १२२३ साली संत फ्रान्सिस असिसीकरांनी ख्रिस्तजन्माचा सोहळा मांडला. गवताने भरलेली गव्हाण, जिवंत बैल आणि गाढव एवढाच त्याचा सरंजाम होता. त्या गव्हाणीवर मिस्सा अर्पण करण्यात आली. संत लूकच्या शुभवर्तमानात गव्हाण आहे. बैल-गाढव मात्र नाहीत. ते परंपरेने यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातून आणले. मूर्तींचे गोठे घरोघरी आले ते पुष्कळ नंतर.

पहिला गोठा असा गावच्याच गवतातून आणि गोधनातून उभा राहिला. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली ग्रेच्चोहूनच पत्र लिहून कुटुंबांनी गोठा मांडण्याची प्रथा जपावी, असे आवाहन केले. तयार प्लास्टिकचा गोठा विकत आणून ही प्रथा पाळता येईल. जपता येणार नाही. वाडवडिलांच्या पेटीतले कान तुटलेले मातीचे मेंढरू मुलांच्या हातांनी पुन्हा जोडले जाते, तेव्हा ती जपली जाते.

खानदेशातल्या घराला गवतासाठी ज्वारीचा कडबा आहे. कापूसही शेतातलाच आहे. त्याचे परमुलखातले बर्फ कशाला करावे? त्याची बाळ येशूसाठी गादी करावी.