रूळ एका मापाचे

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी गाडी सुटली. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) – बीड – परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी मिळाली होती १९९५च्या सुमारास. त्यातला आष्टीपर्यंतचा ६६ किलोमीटरचा तुकडा सप्टेंबर २०२२मध्ये प्रवाशांसाठी खुला झाला आणि बीड गाठायला आणखी तीन वर्षे गेली. बीडपुढे परळीपर्यंतचे काम तेव्हा बाकीच होते. जिल्ह्यात रेल्वे नव्हतीच असे नाही. परळी वैजनाथला ती निजामाच्या काळापासून आहे. पण बीड शहरातल्या कितीतरी मुलांची आगगाडीशी पहिली ओळख पुस्तकातल्या चित्रात किंवा काडेपेट्या दोऱ्यात ओवून केलेल्या गाडीतच झाली.

काडेपेट्यांची गाडी आणि एकमेकांचा सदरा धरून अंगणभर धावणारी मुलांची गाडी आपण सर्वांनी पाहिली आहे. दुसऱ्या खेळात एक जण इंजिन होतो, एक गार्ड होतो, उरलेले डबे होतात आणि कुणीतरी हात आडवा करून सिग्नल होतो. हा खेळ मोडतो केव्हा? सगळ्यांनाच इंजिन व्हायचे असते तेव्हा. जगभरातल्या मॉडेल रेल्वेच्या छांदिष्टांनी गेल्या शंभरहून अधिक वर्षांत मोठेपणी नेमका हाच प्रश्न सोडवला. त्यांचा इतिहास वर्गात गटकार्य करून घेणाऱ्या प्रत्येक शिक्षकाच्या उपयोगाचा आहे.

खेळण्यापासून मॉडेलपर्यंत

आगगाडीची खेळणी खऱ्या आगगाडीइतकीच जुनी आहेत. सुरुवातीला ती लाकडाची किंवा पत्र्याची असत, जमिनीवर ढकलायची. १८९१ साली जर्मनीतल्या मर्क्लिन कंपनीने लाइपझिगच्या जत्रेत चावीची गाडी मांडली. तिचे वैशिष्ट्य गाडीपेक्षा रुळांत होते. रुळांचे सुटे तुकडे होते, त्यांची रुंदी ठरावीक होती आणि प्रत्येक रुंदीला क्रमांक होता. आज घेतलेल्या रुळाला पुढच्या वर्षी घेतलेला रूळ जोडता येऊ लागला. शेजारच्या मुलाचा रूळही जोडता येऊ लागला.

पुढे मॉडेल म्हणजे केवळ गाडीसारखी दिसणारी वस्तू नव्हे, तर खऱ्या गाडीचे प्रमाणबद्ध लहान रूप, हा आग्रह वाढला. आज सर्वांत प्रचलित असलेल्या प्रमाणाला 'एचओ' म्हणतात. ते साधारण १:८७ आहे. युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटर रुंदीच्या रेल्वेमार्गाला ८७ने भागले की साडेसोळा मिलिमीटर येतात. एचओचे रूळ तेवढेच रुंद असतात. आपल्याकडचा ब्रॉडगेज मात्र १६७६ मिलिमीटरचा. त्याला ८७ने भागले तर सव्वाएकोणीस मिलिमीटर येतात. म्हणजे बाजारातल्या रुळांवर भारतीय गाडी धावती करायची तर रूळ पावणेतीन मिलिमीटर अरुंद पडणार! भारतीय छांदिष्टाला गाडी प्रमाणात ठेवावी की रूळ स्वतः घडवावेत, यातून निवड करावी लागते.

प्रमाणाचे हे गणित वर्गात करून पाहण्यासारखे आहे. १:८७ प्रमाणात १६५ सेंटिमीटर उंचीचा माणूस जेमतेम दोन सेंटिमीटरचा होतो. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला १९ सेंटिमीटर जाते. पण १०० टनांच्या इंजिनाचे वजन किती होईल? मुले चटकन ८७ने भागतात आणि एक टनाहून अधिक उत्तर काढतात. लांबी, रुंदी, उंची तिन्ही ८७ पटींनी घटल्या, म्हणून आकारमान ८७च्या घनाने, म्हणजे सुमारे साडेसहा लाख पटींनी घटते. उत्तर येते फक्त १५२ ग्रॅम. इतके हलके इंजिन डबे ओढताना जागीच चाके फिरवत बसेल, म्हणून आत शिशासारखे जड धातू घालतात. निसर्ग सगळ्या गोष्टी एकाच प्रमाणात लहान करू देत नाही, हे त्या दोनशे-तीनशे ग्रॅमच्या इंजिनातून शिकता येते.

भांडण मिटवणारी पट्टी

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात शिंदे घराण्याची चांदीची छोटी आगगाडी आहे. जेवणाच्या लांबलचक मेजावरून ती पाहुण्यांपुढे पेये घेऊन फिरत असे. ती डौलदार खरी, पण तिच्यासाठी मंडळाची गरज नव्हती. एका धन्याची एक गाडी, एकाच वाटेने फिरणारी.

मंडळे काढली ती अशांनी, ज्यांच्या घरात जागा कमी होती आणि खिशात पैसे कमी. लंडनचा 'द मॉडेल रेल्वे क्लब' १९१० साली सुरू झाला. एकाने इंजिन बनवायचे, दुसऱ्याने पूल, तिसऱ्याने स्थानक, आणि सगळे भाड्याच्या एका खोलीत जोडायचे. पण इथेच अडचण आली. वेगवेगळ्या कारखान्यांचे आणि वेगवेगळ्या हातांचे काम एकमेकांशी जुळेना. एकाच्या चाकाची कड जाड, ती दुसऱ्याच्या सांध्यात अडकायची. एकाच्या डब्याचा आकडा दुसऱ्याच्या डब्यात बसत नसे. अमेरिकेत १९३५ साली मिलवॉकी शहरात छांदिष्टांनी राष्ट्रीय संघटना स्थापन केली, तिचे पहिले मोठे काम हेच होते: रुळांमधले अंतर, चाकांची जाडी, विजेचा दाब यांची मापे ठरवणे.

या संघटनेची धातूची एक छोटी पट्टी आहे. तिला ठरावीक खाचा आहेत. एक खाच रुळांवर ठेवायची, दुसरी चाकांवर. समजा, सांध्यावर गाडी घसरली. रूळ बसवणारा म्हणतो, तुझी चाके वाकडी. गाडी बनवणारा म्हणतो, तुझा सांधा चुकला. अशा वेळी आवाज चढण्याआधी कुणीतरी पट्टी पुढे करतो. पट्टी बसली नाही की चूक कुठे आहे ते दिसते. ज्येष्ठ कोण, श्रीमंत कोण, जुना सभासद कोण, याला अर्थ उरत नाही. या मंडळांतले मैत्र टिकले ते सगळे गोड स्वभावाचे होते म्हणून नव्हे. मतभेद मोजता येतील अशी सोय त्यांनी केली होती.

मंडळातली एक संध्याकाळ

बाहेरच्याला वाटते, मंडळात रोज गाड्या पळत असतील. प्रत्यक्षात आठवड्यातली ठरलेली संध्याकाळ बहुतेक वेळा झाडूपोछ्यात जाते. चाकांना वीज रुळांतून मिळते. रुळावर धूळ किंवा गंज बसला की प्रवाह तुटतो आणि गाडी धक्के खात थांबते. म्हणून एक जण फडक्याने रूळ पुसतो, एक जण निखळलेल्या तारेला डाख देतो, एक जण प्लास्टरच्या डोंगरावर भुसा रंगवून गवत चिकटवतो. हातांना काम असते, म्हणून बोलणेही सहज होते.

गाड्या चालवण्याच्या दिवशी मात्र कामे वाटलेली असतात. कुणी चालक, कुणी स्थानकमास्तर, कुणी वाहतूक नियंत्रक. भिंतीवर वेगाने धावणारे घड्याळ असते. खऱ्या एका तासात त्याचे सहा-आठ तास, कधी त्याहून अधिक सरतात. कारण खोलीतल्या दोन स्थानकांमधले अंतर गाडी मिनिटाभरात कापते. वेळापत्रक खरे वाटायचे तर वेळही लहान करावी लागते. प्रत्येक वाघिणीसोबत एक चिठ्ठी असते: कोणता माल, कुठून कुठे. चालकाला वाघीण त्या स्थानकावर सोडून यावी लागते. इथे कुणी जिंकत नाही. समोरून येणाऱ्या गाडीला वाट मिळावी म्हणून आपली गाडी बाजूच्या मार्गावर थांबवणे हेच कौशल्य मानले जाते.

टेबलाखालची माणसे

या छंदाने एका मोठ्या विद्येला हातभार लावला, तो अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत. तिथे १९४६च्या सुमारास विद्यार्थ्यांचा 'टेक मॉडेल रेलरोड क्लब' सुरू झाला. त्यात दोन तऱ्हेची मुले होती. एका गटाला डबे रंगवण्यात आणि देखावे उभारण्यात रस होता. दुसऱ्या गटाचा जीव टेबलाखालच्या तारांत होता.

तिथला प्रश्न पाहा. रुळांत वीज सोडली की त्यावरची सगळी इंजिने एकदम धावू लागतात. दोन गाड्या वेगवेगळ्या चालवायच्या तर मार्गाचे विजेच्या दृष्टीने तुटक तुकडे करावे लागतात आणि गाडी पुढे सरकेल तसा एकेक तुकडा तिच्या चालकाच्या हाती द्यावा लागतो. या मुलांनी टेलिफोन केंद्रातले रिले मिळवून हे काम साधले. चालकाने टेलिफोनची तबकडी फिरवायची, की हवा तो तुकडा त्याच्या ताब्यात. एक खटका बंद आणि दुसरा चालू असेल तरच तिसरा चालू व्हावा, असे हे तर्कशास्त्रच होते, लोखंड-तांब्यात उतरवलेले. क्लबचा नियमही लक्षात ठेवण्यासारखा होता: मांडणीवर चाळीस तास काम केलेल्या सभासदाला खोलीची किल्ली मिळे.

१९६१ साली एमआयटीला पीडीपी-१ हा संगणक मिळाला, तेव्हा रात्री जागून त्यावर काम करणाऱ्यांत टेबलाखालचीच मुले पुढे होती. १९६२मध्ये स्टीव्ह रसेल आणि मित्रांनी 'स्पेसवॉर' हा संगणकावरचा सुरुवातीचा एक खेळ रचला. त्यासाठी हातात धरायचे खटके ॲलन कोटॉक आणि बॉब साँडर्स यांनी क्लबच्या खोलीतल्या सुट्या भागांपासून बनवले. चतुर युक्तीला 'हॅक' म्हणण्याची या क्लबातली बोली पुढे संगणकाच्या जगात रुळली. गंमत अशी, की संगणकाने हे ऋण फेडले. १९९०च्या दशकापासून प्रत्येक इंजिनात एक छोटी चकती बसवून त्याला स्वतःचा क्रमांक देता येऊ लागला. आता संपूर्ण रुळांत सारखाच दाब असतो आणि इंजिन फक्त आपल्या क्रमांकाचा संदेश ऐकते.

या क्लबची आणि अशा बहुतेक मंडळांची एक उणीवही सांगायला हवी. तिथे मुली जवळजवळ नव्हत्याच. किल्लीचा नियम न्याय्य होता, पण दारापर्यंत कोण पोहोचणार हे आधीच ठरलेले होते.

पुण्यातले छोटे शहर

आपल्याकडे हा छंद फार थोड्यांना परवडला. परदेशी सामान महाग आणि मिळायला अवघड. अशा काळात पुण्याच्या भाऊसाहेब जोशी यांनी तो आयुष्यभर जोपासला. आधी त्यांनी सुटी करून पुन्हा जोडता येईल अशी मांडणी तयार करून प्रदर्शन भरवले. पण दर वेळी शेकडो भाग उलगडायचे आणि पुन्हा जुळवायचे, हे सोपे नव्हते. अखेर १ एप्रिल १९९८ रोजी कोथरूडला त्यांचे लघुरेल्वेचे कायमचे संग्रहालय सुरू झाले आणि पुढे कुटुंबाने ते चालवले. तिथे एकाच छपराखाली वाफेचे इंजिन, वेगवान गाडी आणि उलटी टांगलेली गाडीही धावते. दिवे मंदावले की छोट्या शहरात रात्र होते. सहलीला आलेली मुले काचेला नाक लावून उभी असतात. तिथे गेल्यावर त्यांना एक प्रश्न जरूर विचारावा: एवढ्या गाड्या एकमेकींवर का आदळत नाहीत?

बीडच्या शाळांसाठी एक तुकडा

१९७३च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या छांदिष्टांनी 'एनट्रॅक' ही पद्धत काढली. घरी जागा नसलेल्यांनी चार फूट लांबीचा एकच तुकडा बनवायचा. मधे शेत करा, बाजार करा, पूल करा, पूर्ण मोकळीक. फक्त दोन्ही टोकांना रूळ ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या उंचीवर आले पाहिजेत. मग अनोळखी माणसेही सभागृहात आपापले तुकडे जोडतात आणि तासाभरात लांबच लांब रेल्वे उभी राहते.

हे आपल्याला पुठ्ठ्यात करता येईल. विजेची गाडी नसली तरी चालेल. हाताने ढकलायचा पुठ्ठ्याचा डबा पुरे. आधी माप ठरवावे: तुकडा १२० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद, रूळ पुढच्या कडेपासून १० सेंटिमीटरवर, रुळांमधले अंतर १९ मिलिमीटर. तपासायला पुठ्ठ्याची एक खाचांची पट्टी कापावी आणि ती वर्गातल्या सर्वांत अबोल मुलाकडे किंवा मुलीकडे द्यावी. आपल्या गावाजवळचा ओढा, मोऱ्या, उसाचे फड ज्याने त्याने आपल्या नजरेने करावेत.

आता शेवटचे गणित. अहिल्यानगर ते परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १:८७ प्रमाणात केला तर किती लांब होईल? बरोबर ३ किलोमीटर. एका तुकड्यात खऱ्या मार्गाचे सुमारे १०४ मीटर मावतात. म्हणजे आष्टी, बीडपासून परळीपर्यंतच्या शाळांतल्या अडीच हजार मुलांनी एकेक तुकडा केला, तर सगळा मार्ग तयार होईल. त्यांतल्या बहुतेकांची एकमेकांशी कधी भेटही झालेली नसेल. टोके तेवढी जुळली पाहिजेत.