व्हाइस ॲडमिरल जॉन गॉडफ्रे आणि १९४६ चा मुंबईतील नाविकांचा उठाव

फेब्रुवारी १९४६ मधील मुंबईच्या नाविकांच्या उठावाचा अभ्यास प्रामुख्याने राष्ट्रीय चळवळीच्या अंगाने झालेला आहे. त्या वेळी रॉयल इंडियन नेव्हीचे प्रमुख असलेले व्हाइस ॲडमिरल जॉन हेन्री गॉडफ्रे यांचा उल्लेख बहुधा धमकी देणारा सेनापती एवढ्यापुरताच येतो. त्यांची युद्धकालीन कारकीर्द लक्षात घेतल्यास या घटनेची एक वेगळी बाजू समोर येते. ती तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

गॉडफ्रे यांचा जन्म १८८८ चा. पहिल्या महायुद्धात त्यांनी डार्डानेल्सच्या मोहिमेत काम केले. १९३९ मध्ये ते ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाचे संचालक झाले. शत्रूच्या जहाजांच्या हालचालींची माहिती एकत्र करून तिचा ताबडतोब उपयोग करून घेणारी यंत्रणा त्यांच्या कारकिर्दीत भक्कम झाली. पुढे जेम्स बाँड या पात्रामुळे प्रसिद्ध झालेले लेखक इयान फ्लेमिंग हे त्यांचे साहाय्यक होते. बुद्धिमान, परंतु सहकाऱ्यांशी जुळवून न घेणारा अधिकारी अशी गॉडफ्रे यांची ख्याती होती. अशाच मतभेदांतून १९४२ मध्ये त्यांना हे पद सोडावे लागले आणि १९४३ मध्ये त्यांची नेमणूक भारतात झाली. ही बढती होती की दूर सारणे होते, हे सांगण्यास फारसे पुरावे लागत नाहीत.

भारतातील नौदल त्या काळात झपाट्याने वाढत होते. १९३९ मध्ये दोन हजारांहूनही कमी असलेले मनुष्यबळ युद्धाच्या अखेरीस पंचवीस हजारांच्या पुढे गेले. पूर्वी नाविकांत रत्नागिरी जिल्ह्यातील दर्यावर्दी घराण्यांचा भरणा मोठा असे. आता सर्व प्रांतांतील शिकलेले तरुण आले. १९४५ च्या आराकान मोहिमेत ‘नर्बदा’, ‘जमना’ या जहाजांनी चांगली कामगिरी केली. मात्र नौदलाचे मुख्यालय १९४१ पासूनच मुंबईहून दिल्लीला गेले होते. निकृष्ट जेवण, वेतनातील तफावत, वर्णभेदाची वागणूक आणि युद्धानंतरच्या बेकारीची भीती यांतून खदखदणारा असंतोष दिल्लीतील कचेरीपर्यंत पोहोचला, तो शिस्तभंगाची प्रकरणे म्हणून.

वास्तविक पूर्वसूचना मिळाल्या होत्या. डिसेंबर १९४५ मध्ये ‘तलवार’ या तळाच्या भिंतींवर ‘जय हिंद’, ‘भारत छोडो’ अशा घोषणा रंगवलेल्या आढळल्या. फेब्रुवारी १९४६ च्या आरंभी सरसेनापती ऑकिनलेक यांच्या भेटीच्या वेळी बलाईचंद्र दत्त यांना अटक झाली. कमांडर किंग यांनी नाविकांना अर्वाच्य शिवीगाळ केली. तिच्याविरुद्धच्या तक्रारीची समाधानकारक दखल घेतली गेली नाही आणि १८ फेब्रुवारीस नाविकांनी जेवण नाकारले.

‘तलवार’ ही संदेशवहनाची प्रशिक्षण शाळा होती, ही बाब येथे महत्त्वाची ठरते. संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान हे संदेशवाहक, तर उपाध्यक्ष मदनसिंग हे तारायंत्रज्ञ. त्यामुळे बातमी कराची, कलकत्त्यापर्यंत वेगाने गेली आणि ७८ जहाजे, २० किनारी तळ व सुमारे २० हजार नाविक उठावात सामील झाले. ज्या शास्त्रात गॉडफ्रे निष्णात होते, तेच त्यांच्या नाविकांच्या हाती होते.

गॉडफ्रे यांनी नभोवाणीवरून दिलेला इशारा सर्वश्रुत आहे. नौदल नष्ट झाले तरी चालेल, परंतु सरकार आपले सर्व बळ वापरील, असा त्याचा आशय होता. विमाने बंदरावरून कमी उंचीवर फिरवण्यात आली. मुंबईतील गोळीबारात दोनशेहून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले. सरदार पटेलांच्या सल्ल्यानंतर २३ फेब्रुवारीस नाविकांनी शरणागती पत्करली. ती गॉडफ्रे यांच्या धाकामुळे झाली असे मानणे घाईचे होईल. राजकीय नेतृत्वाचा पाठिंबा न मिळणे हेच निर्णायक कारण दिसते.

न्यायमूर्ती फझल अली यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगासमोर जेवणापासून वर्णभेदापर्यंतच्या तक्रारी सविस्तर नोंदल्या गेल्या. तोपर्यंत गॉडफ्रे यांच्या जागी व्हाइस ॲडमिरल माइल्स आले होते.